लोणारच्या पायऱ्या तशाच राहू द्या

आमच्या दुसरबीडला कुणी पाहुणे मुक्कामाला आले की त्यांना दाखवायच्या जागा दोनच. पहिल्या दिवशी सिंदखेडराजा, जिजाऊंचं जन्मस्थान. दुसऱ्या दिवशी बिबीवरून लोणार. सिंदखेडराजाहून पाहुणे हात जोडून परत येतात आणि लोणारहून येतात ते सूचना घेऊन! "इथं हे करायला पाहिजे, तिथं ते करायला पाहिजे, परदेशात असतं तर..." वगैरे. समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातून गेल्यापासून पाहुणे वाढले आणि त्याबरोबर सूचनाही वाढल्या. 2022 मध्ये लोणारसाठी सुमारे 370 कोटींचा विकास आराखडा मंजूर झाला, तेव्हापासून तर गावोगावच्या कट्ट्यांवर प्रत्येकाचा स्वतःचा एकेक आराखडा तयार आहे. मग म्हटलं, आपणही आपला लिहून टाकावा. फरक इतकाच, की माझ्या आराखड्यात करायच्या गोष्टी थोड्या आहेत आणि न करायच्या जास्त.

ज्यांनी लोणार पाहिलेलं नाही अशा ब्लॉगमित्रांसाठी थोडी माहिती देते. (शिकवायची सवय जात नाही, सांभाळून घ्या.) काळ्या बेसाल्ट खडकात उल्का आदळून तयार झालेलं हे विवर. व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आणि खोली दीडशे मीटरच्या आसपास. तळाशी खाऱ्या पाण्याचं सरोवर आणि त्याच्याभोवती झाडीचं कडं. आम्ही शाळेत असताना गुरुजी याला ज्वालामुखीचं विवर म्हणत. त्या वेळी बहुतेकांचं मत तेच होतं. 1973 मध्ये भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी तळाखालच्या खडकांचे नमुने तपासून, उल्कापाताच्या प्रचंड दाबाखालीच बनते अशी काच त्यांत दाखवली, आणि तो वाद संपला. वयाचा प्रश्न मात्र पुढेही चालूच राहिला. मी वर्गात बावन्न हजार वर्षं असं सांगत असे. मी निवृत्त झाल्यावर, 2011 मध्ये, नव्या पद्धतीनं मोजलं तर उत्तर निघालं सुमारे पाच लाख सत्तर हजार. म्हणजे माझे सगळे विद्यार्थी सरोवराला त्याच्या खऱ्या वयापेक्षा बरंच तरुण समजतात. असो.

2000 साली सरोवर आणि भोवतालचं जंगल अभयारण्य झालं. नोव्हेंबर 2020 मध्ये ते रामसर यादीत आल्याचं जाहीर झालं. रामसर हे इराणमधलं गाव. तिथं 2 फेब्रुवारी 1971 रोजी जगातल्या पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार झाला. आपल्या राज्यातून आधी नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर त्या यादीत गेलं आणि त्यानंतर आमचं लोणार. रामसरच्या नोंदीत इथल्या पक्ष्यांच्या 160 जाती सांगितल्या आहेत. सरपटणारे प्राणी 46 जातींचे, सस्तन प्राणी 12 जातींचे, त्यांत लांडगाही आहे. पांढऱ्या मानेचा करकोचा, ज्याला मराठीत कांडेसर म्हणतात, त्याचंही नाव त्या नोंदीत आहे.

आता 'पाणथळ' या शब्दाचीच गंमत पाहा. आमच्याकडे शेतकऱ्यानं मुलीसाठी स्थळ पाहताना "जमीन पाणथळ आहे" असं कळलं की तोंड वाकडं होत असे. पाणथळ म्हणजे तूर उबळणार, कपाशी पिवळी पडणार. आणि 'खारवट' म्हटलं तर विचारायलाच नको. लोणारचं सरोवर पाणथळही आहे आणि खारवटही. शेतकऱ्याच्या हिशेबानं दोन्ही अवगुण एकाच ठिकाणी! पण याच अवगुणांवर तिथला सगळा संसार उभा आहे. माझं म्हणणं जे काही आहे ते एवढ्यातच आलं. पुढं सविस्तर सांगते.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून पुतण्या, सूनबाई आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी आली होती. पहाटे निघालो आणि ऊन चढायच्या आत काठावर पोचलो. मी वरच बसणार असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. वय बहात्तर, गुडघे त्याहून म्हातारे. पण मी काठी आणली होती. म्हटलं, उतरते. सावकाश उतरते, तुम्ही पुढं व्हा. ते काही पुढं गेले नाहीत आणि त्यामुळं सगळ्यांचाच फायदा झाला. कारण माझ्या चालीनं उतरलं की दर दहा-पंधरा पायऱ्यांवर थांबावं लागतं आणि थांबलं की पक्षी दिसतात. चालणाऱ्या माणसाला पक्षी फक्त उडून जाताना दिसतो.

वरच्या भागात सातभाई होते, नेहमीप्रमाणे भांडत. तारेवर कोतवाल. खाली झाडी दाट झाली तसा आवाज बदलला. भारद्वाजाचं खोल घुमणं ऐकू आलं. पाचोळ्यात खसखस झाली म्हणून पोरगी घाबरली, तर तीन लांडोरी रांगेनं निघाल्या. मोर इथं पुष्कळ. पाण्याजवळ गेलो तर शेकाट्यांचा थवा उथळ पाण्यात उभा. पाय इतके लांब आणि लाल, की पोरगी म्हणाली, "आजी, यांना कुणी काठ्या बांधल्या?" शेकाट्या हे नाव कसं पडलं असेल ते तिला सांगावंच लागलं नाही. पलीकडे टिबुकल्या बुड्या मारत होत्या. एक बुडाली की आम्ही ती कुठं वर येईल यावर पैज लावायचो आणि दर वेळी हरायचो. चक्रवाकांची एक जोडी दूर होती, केशरी रंगाची. ही मंडळी थंडीपुरती येणारी, हिमालयापलीकडून. बाकीचे बहुतेक घरचेच, बारमाही. पाहुण्यांचं कौतुक सगळे करतात, पण मला टिटवी, पाणकोंबडी, खंड्या यांच्याबद्दल जास्त जिव्हाळा वाटतो. उन्हाळ्यात तलाव आटले, विहिरी तळाला गेल्या तरी ते जिल्हा सोडून जात नाहीत. आपल्यासारखेच ते.

(पक्ष्यांची मराठी नावं मला येतात याचं श्रेय मारुती चितमपल्लींच्या 'पक्षिकोशा'ला. जून 2025 मध्ये ते गेले. नाव कळल्याशिवाय नातं जुळत नाही, हे त्यांच्यामुळं मला कळलं.)

पाण्याच्या काठानं कमळजादेवीच्या मंदिराकडं जायची पायवाट आम्हाला धरायची होती. लग्न होऊन आले तेव्हापासून नवरात्रात या वाटेनं कितीदा गेले असेन. पण थोडं पुढं गेल्यावर वाट पाण्यात गेलेली. बाभळी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या. लाकडाची मोळी घेऊन एक बाई समोरून वळून येत होती, ती म्हणाली, "मायबाई, इकून नका जाऊ, पाणी चढेल हाये." अलीकडच्या वर्षांत सरोवराचं पाणी इतकं वाढलं, की कमळजादेवीच्या मंदिरात शिरलं. मंदिरासमोरची सासू-सुनेची विहीर, जिच्या एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारं असं म्हणतात, ती तर पाणी ओसरल्याशिवाय दिसतच नाही. आम्ही तिथूनच देवीला हात जोडले आणि मागं फिरलो.

चढून वर यायला मला दीड तास लागला. वर चहा पिताना पुतण्यानं त्याची सूचना मांडलीच. "काकू, खाली गाडी जाईल असा पक्का रस्ता करायला हवा. निदान बॅटरीवर चालणारी छोटी गाडी तरी. तुमच्यासारख्या माणसांनी पाहायचं नाही का?" सूनबाईनं भर घातली, "आणि रात्री दिवे लावले ना, तर काय सुंदर दिसेल!" दोघंही मनापासून बोलत होते. पुतण्याचा मुद्दा तर माझ्याच गुडघ्यांच्या बाजूनं होता. त्यामुळं मला उत्तर नीट विचार करून द्यावं लागलं. तिथं जे बोलले ते आणि घरी आल्यावर सुचलं ते, दोन्ही इथं मांडते.

पहिली गोष्ट. लोणारला लोक 'तळं' पाहायला जातात, पण ती एक वाटी आहे. वाटीच्या कडा म्हणजे तो उतार, उतारावरची झाडी, झाडीतले झरे. कितीतरी पक्षी पाण्यावर नाही, या उतारावर राहतात. स्वर्गीय नर्तक, नवरंग यांसारखे पक्षी पाहायला जाणकार माणसं याच झाडीत तासन्‌तास बसतात. गाडीचा रस्ता म्हणजे या उताराला नागमोडी काप देणं. कडा कापली की पावसात माती सुटणार, ती खाली पाण्यात जाणार. पाच लाख वर्षं टिकलेली वाटी आपल्या सोयीसाठी फोडायची का?

दुसरी गोष्ट, गर्दीची. पायऱ्या या फुकटच्या रखवालदार आहेत. ज्याला खरंच पाहायचं आहे तो घाम गाळून उतरतो. ज्याला फक्त फोटो हवा आहे तो वरून काढून जातो. तोही आनंदच आहे, त्याला माझी ना नाही. पण गाडी खाली गेली की गाडीबरोबर गाणी जाणार, गाण्याबरोबर कुरकुऱ्यांची पाकिटं जाणार, मग पाकिटं विकणारे जाणार. हे मी कुणाला नावं ठेवण्यासाठी लिहीत नाही. सहलींचा अनुभव बोलतो. मी मुलांना घेऊन इथं कितीतरी वेळा आले. खाली पोचलं की पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी तोंड बंद ठेवून बसायचं, असा माझा नियम असे. चाळीस पोरं गप्प! सुरुवातीला खुसखुस व्हायची. पण चौथ्या-पाचव्या मिनिटाला एखादा पक्षी जवळ यायचा आणि मग पोरांना गप्प बसवावं लागत नसे. ती दहा मिनिटं मिळायची, कारण खाली पोचेपर्यंत पोरं दमलेली असायची. पायऱ्यांनी माझं निम्मं काम केलेलं असायचं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती खाराची.

सहलीत मी एक प्रयोग करून घेत असे. हळद लावून वाळवलेली कागदाची पट्टी सरोवराच्या पाण्यात बुडवायची. पिवळी पट्टी लालबुंद होते. पापडाच्या पिठाला पापडखार लावताना हाताची हळद लाल होते, तसंच हे. घरात आई रोज जे करते तेच उल्केच्या विवरात होतंय, हे पाहून मुलींचे डोळे मोठे व्हायचे. इथलं पाणी खारं आहे तसंच अल्कधर्मीही आहे. कारण साधं आहे. पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी आत येतं, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी जातं ते फक्त वाफ होऊन, आणि क्षार मागं राहतात. हजारो वर्षं हे चाललेलं. अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'तही इथल्या क्षारांपासून काच आणि साबण बनत असल्याचं लिहिलेलं आहे. अशा पाण्यात एरवीचे जीव तग धरत नाहीत. जगतात ते सूक्ष्म जीव, हिरवी-निळी शैवालं, आणि त्यांच्यावर पोसलेले किडे. शेकाट्या जे टिपत होत्या ते हेच.

जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा सगळ्या देशानं त्याचे फोटो पाहिले. पाणी कमी झालं, खार वाढला आणि खारात रमणारे सूक्ष्म जीव फोफावले. त्यांच्या रंगानं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून हे सांगितलं. तेव्हा लोक घाबरले होते. आता पाणी वाढलं तर लोक खूश होतात. आमचा जिल्हा कोरडा. पाणी वाढलं की चांगलंच, हे आमच्या हाडात भिनलेलं आहे. पण लोणारला हा हिशेब उलटा लागू होतो. गोडं पाणी जास्त आलं की खार पातळ होतो. खार पातळ झाला की शैवालं, सूक्ष्म जीव, किडे, सगळी साखळीच बदलत जाते. गोड्या पाण्याचे तलाव आपल्याकडं आहेत की! खडकपूर्णेचं धरण आहे, आणखी कितीतरी आहेत. असं सरोवर एकच आहे. ते गोडं झालं तर ते मोठं तळं होईल, पण लोणार राहणार नाही.

पाणी का वाढलं? पाऊस, झरे, भोवतालच्या जमिनीतून पाझरणारं पाणी, अशी कारणं तज्ज्ञ सांगतात. कुणाचा वाटा किती, हे मोजून ठरवायचं काम त्यांचं. पण एक गोष्ट कळायला तज्ज्ञ लागत नाही. गावाचं सांडपाणी विवरात उतरतं, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेला आहे. धारेवरच्या आंघोळीचा आणि कपड्यांचा साबण त्याच वाटेनं खाली जातो. तेव्हा पैसा खर्चायचाच असेल तर आधी तिथं खर्चा. सांडपाण्याचा एक थेंब विवरात जाणार नाही, एवढं एक काम झालं तरी बाकीचा आराखडा मी डोळे मिटून मान्य करीन. पण सांडपाण्याच्या नळासमोर फीत कापून फोटो काढता येत नाही, ही खरी अडचण आहे.

आता कुणी म्हणेल, बाईंना सगळंच नको. तसं नाही. माझी यादी ऐका. काठावर बसायला सावलीतली बाकं हवीत. म्हाताऱ्यांना, चाकाच्या खुर्चीवरच्यांना विवर दिसेल असा सपाट, कठडा असलेला मार्ग काठावर हवा. बायकांसाठी स्वच्छ संडास हवेत, आणि ते वरच हवेत. (ज्या बायका सहलींबरोबर हिंडल्या आहेत त्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही.) पायऱ्या जिथं तुटल्या आहेत तिथं दुरुस्त करा, धरायला कठडा द्या. लोणारच्याच मुलामुलींना पक्ष्यांची, दगडांची, देवळांची माहिती शिकवून वाटाडे करा, त्यांच्या हातात दुर्बिणी द्या. गावाला या सरोवरातून दोन पैसे मिळालेच पाहिजेत. ज्याच्या अंगणात आहे त्याला काहीच मिळालं नाही, तर तो राखणार तरी का? माहितीचे फलक मराठीत लावा आणि त्यांवर पक्ष्यांची मराठी नावं लिहा.

आणि दिवे नकोत. रात्री विवर काळं दिसतं ते तसंच छान आहे. लांडग्याला दिव्यांचं काय काम? नवरात्रात देवीपुढं नंदादीप तेवतो तेवढा उजेड तिथं पुष्कळ झाला.

राहता राहिला पुतण्याचा प्रश्न. "तुमच्यासारख्यांनी पाहायचं नाही का?" खरं सांगायचं तर हा प्रश्न मनात बरेच दिवस घोळत होता. घरी आल्यावर गुडघा आठवडाभर सुजलेला होता. डॉक्टरांनी पुन्हा पायऱ्या नकोत म्हणून बजावलं. म्हणजे या हिवाळ्यात उतरले ते बहुधा शेवटचंच. कमळजादेवीचं दर्शन पाण्यामुळं पायरीपर्यंत जाऊन घेता आलं नाही, तेही आता राहिलं. रस्ता झाला तर मला पुन्हा जाता येईल, नाही झाला तर येणार नाही. इतका सरळ व्यवहार आहे. तरीही माझं उत्तर 'नको' असंच आहे. वयानुसार काही गोष्टी आपल्या हातून सुटतात. भाकरी थापणं सुटलं, वाती वळणं सुटलं, सायकल तर कधीच सुटली. त्यासाठी कुणी भाकरी बंद करत नाही, की गाव सपाट करत नाही. मी उतरू शकत नाही म्हणून डोंगरानं माझ्यासाठी वाकावं, असं मला वाटत नाही. मी वरून पाहीन. काठावरून मोरांचा आवाज ऐकू येतो, शेकाट्या ठिपक्यांएवढ्या दिसतात. त्या तिथं आहेत हे मला माहीत आहे, तेवढं पुरे.

पुतण्याला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, काकू भावनेवर चालतात. त्याच्या मुलीचं मात्र ठरलं आहे. पुढच्या सुट्टीत तिला पुन्हा खाली उतरायचंय आणि टिबुकली कुठं वर येते ते आधी ओळखून दाखवायचंय. तिच्यासाठी मी हळदीच्या पट्ट्या आत्ताच करून डब्यात ठेवल्या आहेत.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा. आमच्याकडं आलात तर पिठलं-भाकरी आहेच, आणि लोणारला जायचं असेल तर पहाटेच निघा. पाण्याची बाटली न्या, रिकामी झाली की परत आणा. खाली पोचल्यावर दहा मिनिटं काहीही बोलू नका.